मास्तरांचा हात

प्रयोगशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये काँक्रीटचे दोन बीम शेजारी शेजारी ठेवलेले होते. एकाच दिवशी, एकाच मालातून ओतलेले, जुळ्या भावांसारखे. पण फिटर त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचा आणि हळूहळू सगळेच तसं म्हणू लागले होते. थोरला कोरडा ठेवलेला. धाकट्याच्या पोटाशी ओलं फडकं गुंडाळलेलं आणि त्या फडक्यावर खारं पाणी थेंब थेंब सोडलेलं, आतल्या सळया गंजाव्यात म्हणून. दोघांच्याही डोक्यावर सारखंच ओझं.

"धाकट्याला अगदी सावत्र वागणूक आहे हो ताई," फिटर म्हणायचा. "एका आईची लेकरं, आणि एकाच्याच नशिबी मीठ."

प्रयोग तिचा, या ताईचा. बीम ओततानाच तिने दोघांच्या आत बटणाएवढे सेन्सर ठेवले होते. बाहेर दिसायच्या त्या फक्त त्यांच्या वायरी. सगळा खटाटोप एका साध्या गोष्टीसाठी होता. बीमला पडलेली भेग डोळ्यांना दिसते, तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. ते व्हायला लागतं तेव्हाच कळलं तर टेकू देता येतो, ओझं हलवता येतं, बीम वाचवता येतो. तिच्या नोकरीची सगळी वर्षं या एका 'तेव्हाच'च्या मागे गेली होती.

आतल्या सेन्सरला बाहेरून हाक मारावी लागते. ही हाक म्हणजे क्लच पेन्सिलीचं, खटका दाबून पुढे सरकवायचं बारीक शिसं. ठरलेल्या खुणेवर पेन्सिल तिरकी टेकवायची, दाबायची आणि शिसं मोडायचं. एवढासा आवाज, पण तो काँक्रीटमधून धावत आतल्या सेन्सरपर्यंत जातो. आत सगळं धड असेल तर आवाज धड पोचतो. बारीक चिरा पडू लागल्या असतील तर वाटेत अडखळतो, विखुरतो. पडद्यावर प्रत्येक हाकेचा एक ठिपका पडतो. हाक दर वेळी तंतोतंत सारखी हवी, म्हणजे जो काही बदल दिसेल तो बीमचाच असेल. त्यासाठी पेन्सिलीच्या टोकाला बसवायची नायलॉनची एक छोटी टोपी मिळते. ती लावली की कोन चुकत नाही.

पण त्यांच्या प्रयोगशाळेत टोपी लावत नसत. त्यांच्याकडे मास्तर होते.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत चित्रकला शिकवायचे. एकदा सुट्टीच्या दिवशी तिला न्यायला आले होते आणि ती नि फिटर दोघं शिसं मोडून मोडून वैतागलेले पाहून म्हणाले होते, "आणा इकडे. आयुष्यभर पोरांची शिसं मोडलेली बघितली. माझं एक मोडू द्या." त्यांनी मोडलेल्या शिशांचे ठिपके एका ओळीत पडले. टोपी लावून पडायचे त्याहून सरळ. पट्टीने आखल्यासारखे. सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर आम्ही पेपर लिहू."

तेव्हापासून दर रविवारी मास्तर यायचे. टोपी पुढे केली की म्हणायचे, "टोपी घालून चित्र काढायला मी काय नवशिका आहे?" पेन्सिल धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. आधी थोरल्यावरच्या खुणा, मग चहा न पिता तसंच धाकट्यावरच्या. क्रम कधी बदलला नाही. बदलायचं कारणही नव्हतं.

त्या प्रयोगात अनेक गोष्टी बदलत होत्या. पाण्याचा खारटपणा, हवेतली ओल, सळयांवरचा गंज. जी बदलत नाही असं धरून सगळी गणितं मांडली होती, ती एकच गोष्ट होती. मास्तरांचा हात.

*

एका रविवारी धाकट्याचे ठिपके पांगू लागले. एखादा ठिपका ओळीच्या खाली, एखादा वर. कुठे एका हाकेच्या जागी दोन, जसं काही आवाज कशावर तरी आपटून परत आला असावा. तिने वायरी तपासल्या. सेन्सर तपासले. थोरल्याकडे पाहिलं, त्याची ओळ सरळच होती. पुढच्या रविवारी धाकटा आणखी पांगला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून जास्त.

भिंग घेऊन तिने धाकट्याचं अंग इंच इंच पाहिलं. बाहेर केसाएवढीही भेग नव्हती.

म्हणजे कळलं होतं. भेग दिसायच्या कितीतरी आधी कळलं होतं.

घरी गेली तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. ती चपला न काढताच आत गेली.

"अहो, सापडलं! धाकटा आतून जायला लागलाय!"

"वा," मास्तर म्हणाले. "बिचारा धाकटा, आणि तू नाचतेस!"

"नाचू नको तर काय करू? बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि आत सगळं कळतंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिला नंतर ते बघणं किती वेळा आठवलं. त्या वेळी तिला वाटलं, हे माझ्याकडे कौतुकाने बघताहेत.

"नक्की बीमच ना?" त्यांनी विचारलं.

"मग काय तुमचा हात?" ती हसत म्हणाली. "तुमच्या हातात बदल व्हायचा तर आधी थोरल्यावर दिसला असता. थोरला ठणठणीत आहे. म्हणून तर दोन बीम ठेवतात."

"हो," मास्तर म्हणाले. "तेही खरंच." आणि पुन्हा सुरी उचलली. भाजीचे तुकडे लहानमोठे झाले होते. तिने ते पाहिले. पाहिले, आणि कढईत टाकले.

सरांना सांगितलं. सरांनी वरच्या साहेबांच्या कानावर घातलं. पुलांचं काम बघणारे दोन अधिकारी येऊन पडद्यासमोर उभे राहून गेले. सगळ्यांना ती समजावून सांगायची, आवाज कसा धावतो, चिरेवर कसा अडखळतो. आवाज न चढवता बोलणारी ती, पण त्या दिवसांत फिटरही म्हणाला, "ताई, तुमचं बोलणं आजकाल शेजारच्या वर्कशॉपपर्यंत ऐकू येतं."

*

मग थोरल्याच्या डोक्यावर ओझं दाबणारा जॅक तेल गाळू लागला.

रविवारी मास्तर आले तेव्हा फिटर थोरल्याच्या बाजूला पाने-हातोड्या मांडून बसला होता. "मास्तर, आज धाकट्यापासून सुरू करा. माझं अर्ध्या तासात होतंय, मग थोरला मोकळा."

मास्तर जागच्या जागी थांबले. "आज राहू दे ना मग. पुढच्या वेळी करू दोन्ही."

"अहो, एका आठवड्याची नोंद बुडेल," ती म्हणाली. "कुठून सुरू केलं म्हणून काय बिघडतं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "काही बिघडत नाही." आणि त्यांनी खिशातली पेन्सिल काढली.

धाकट्याचे ठिपके पडू लागले. ती पडद्यासमोर बसली होती. एक ठिपका. दुसरा. तिसरा. एका ओळीत. सगळे एका ओळीत, पट्टीने आखल्यासारखे.

तिला आधी वाटलं, सेन्सर बिघडला. काँक्रीट स्वतःहून बरं होत नाही. आतल्या चिरा एका आठवड्यात सांधत नाहीत. ती वायरी चाचपत असतानाच फिटरने थोरला मोकळा केला आणि मास्तर तिकडे गेले. तिथल्या खुणांवर शिसं मोडू लागले. पहिले काही ठिपके ठीक पडले. मग एक खाली. एक वर. मग एका हाकेच्या जागी दोन.

फिटर मागून डोकावला. "हे काय, आता थोरला पण आजारी? आठवड्यात? याला तर आपण मीठही दिलं नाही!"

तिने मान वर करून पाहिलं. मास्तर बीमपाशी वाकले होते. उजव्या हातातली पेन्सिल टेकवायच्या आधी त्यांनी डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार दिला. अगदी सहज, बाहीची घडी सारखी केल्यासारखा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे खोलगट खळगा पडलेला होता, आणि वरच्या दिव्यामुळे पडलेली सावली त्या खळग्यात बसली होती.

शेवटी ज्याच्यावर काम व्हायचं तो बीम पांगायचा. इतके दिवस तो धाकटा असायचा. आज थोरला होता. दमायचा तो हात.

"टोपी आण," ती फिटरला म्हणाली.

फिटरने टोपी लावून दोन्ही बीमवर स्वतः शिसं मोडलं. दोन्ही ओळी सरळ आल्या. फिटर मोकळेपणी हसला. "घ्या! बीम दोन्ही धडधाकट. मास्तर, तुमचाच हात गंडला की! आता घाला टोपी, वय झालं."

मास्तरही हसले. "झालं बाबा वय."

तिला हसता आलं नाही. पडद्यावर धाकट्याच्या सगळ्या रविवारांची ओळ तशीच उघडी होती. आधी सरळ, मग जरा हलणारी, मग पांगत पांगत गेलेली. जे तिने लोकांना बोलावून दाखवलं होतं. जे दाखवताना तिचा आवाज शेजारपर्यंत ऐकू जायचा.

*

दोघं घरी पोचली. दार उघडायला मास्तरांनी किल्ली काढली, कुलपात घातली, आणि ती फिरेना. त्यांनी हात बदलला. डाव्या हाताने दार उघडलं. ते इतक्या सफाईने झालं की तिला कळलं, हे आज पहिल्यांदा होत नाहीये.

"कधीपासून?" तिने बूट काढणाऱ्या त्यांच्या पाठीला विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, नका ना आता."

मास्तर खुर्चीवर बसले. "फळ्यावर लिहिताना खडू सुटायचा. वाटलं, दमलोय. शर्टाचं वरचं बटण त्रास द्यायला लागलं. वाटलं, काज लहान झालं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. त्याच दिवशी सांगणार होतो." "भाजी चिरत होतो बघ. म्हटलं, आली की सांगू, जरा डॉक्टरला दाखवू या. आणि तू आलीस ती चपला घालून आत. सापडलं म्हणालीस. तुझा चेहरा... अगं, लग्नाच्या दिवशीसुद्धा असा नव्हता तुझा चेहरा."

"म्हणून गप्प बसलात?"

"म्हटलं, चार दिवस खूश राहू दे हिला."

"तुम्हाला माहीत होतं. बीम नाही, हात आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. शंका होती. तू म्हणालीस थोरला ठणठणीत आहे. तू शिकलेली. मी म्हटलं, हिचं खरं असू दे." ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "मनापासून वाटत होतं गं मला. धाकटाच जाऊ दे म्हणून."

तिला रागावायचं होतं. तिने पाण्याचा तांब्या भरला, पेला भरला, आणि तो त्यांच्या डाव्या हाताच्या बाजूला ठेवला. मग तिथेच, ओट्याला धरून, ती तोंडाला पदर लावून रडली.

*

मेंदू आणि नसांच्या डॉक्टरबाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी मास्तरांना बोटं ताणायला लावली, मुठी वळायला लावल्या, छोट्या हातोडीने गुडघे ठोकून पाहिले, दंडात सुया टोचून आलेख काढले. त्या आलेखाकडे तिने एकदा पाहिलं आणि नजर फिरवली. तिला ती भाषा येत होती.

"हे साधारण कधी सुरू झालं असेल?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "लोकांना नक्की सांगता येत नाही, अंदाजच द्या."

तिने तारीख सांगितली.

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

"सकाळी," ती म्हणाली. "अकराच्या सुमाराला. काम सुरू केल्यावर लगेच नाही, शेवटाकडे. त्याच्या आधीच्या रविवारी नव्हतं."

"इतकं नक्की कसं सांगता तुम्ही?"

मास्तरच म्हणाले, "आमच्या हिचं कामच ते आहे. बाहेर काही दिसायच्या आधी ओळखायचं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून निकामी होतात, त्या म्हणाल्या. आधी हात, मग दुसरा हात, पाय, मग बोलणं, गिळणं. सावकाश बोलत होत्या, काही लपवत नव्हत्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला जो एकच प्रश्न येत होता तो विचारला.

"पण लवकर कळलंय ना?"

"फार लवकर कळलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतक्या लवकर आलेला माणूस मी पाहिलेला नाही."

"मग?"

डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गोळ्या देते. थोडा वेग कमी होईल, फार नाही. लवकर कळल्याने या आजारात खास काही फरक पडत नाही. मला वाईट वाटतं."

टेकू देता येतो, ओझं हलवता येतं. तिच्या डोक्यात ती ओळ आपोआप चालू झाली आणि पुढे जाईना.

बाहेर येऊन पायऱ्यांवर मास्तर थांबले. "बघ," ते म्हणाले, "तुझं यंत्र चुकलं नव्हतं. फक्त पत्ता चुकला."

"गप्प बसा हो तुम्ही," ती म्हणाली आणि त्यांच्या उजव्या हाताला धरून एकेक पायरी उतरू लागली.

*

सरांना तिने सांगितलं, दोन्ही बीम चांगले आहेत. दोष बीममध्ये नव्हता. सर वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "अधिकाऱ्यांना मी कळवतो. तुम्ही रजा घ्या." तिने रजा घेतली नाही. घरी ती दिवसभर त्यांच्याकडेच बघत बसली असती, आणि ते त्यांना आवडत नव्हतं. "मी काय तुझा धाकटा आहे का," ते म्हणायचे, "सारखं भिंग घेऊन?"

रविवारी आता टोपी लावून फिटर शिसं मोडायचा. मास्तर घरी खिडकीशी बसायचे. शाळेची नोकरी सुटली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. बोलणं अजून स्वच्छ होतं, पण बोलायलाच फारसं काही उरलं नव्हतं. जेवण कसं झालं, गोळी घेतली का. एके दिवशी त्यांची ती पेन्सिल तिला त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडली. शर्ट धुवायला टाकताना.

ती पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसली. "मला शिकवा."

"काय?"

"शिसं मोडायला. टोपीशिवाय."

"तुला? अगं, तू कागदाला भोकं पाडणारी बाई."

"म्हणूनच शिकवा म्हणते."

त्यांचा चेहरा बदलला. खुर्चीत जरा सरळ झाले. "बस इकडे. नाही, अशी नाही. कोपर टेकव. टेकवलंस तरच हात हातासारखा राहतो. बोटांनी दाबू नकोस. खांद्यातून येऊ दे वजन. हं. आता मोडायचंय असं मनातही आणू नकोस. रेघ काढायला निघालीस आणि शिसंच थांबलं, असं."

मोडलं. वाकडं.

"गाढव," मास्तर म्हणाले. शाळेतल्या पोरांना म्हणायचे त्याच प्रेमाने. "पुन्हा."

मग रोज संध्याकाळी तेच. जेवणाचं टेबल पुसून घ्यायचं, त्यावर फरशीचा एक तुकडा ठेवायचा, आणि मास्तर समोर बसून तिला रागवायचे. त्यांना हाताने दाखवता येत नव्हतं, म्हणून ते शब्दांत सांगायचे. आयुष्यभर न बोलता केलेली गोष्ट शब्दांत सांगायला त्यांना कष्ट पडायचे, आणि त्या कष्टांत ते मास्तर दिसायचे. तेवढा वेळ घरात आजार नसायचा. एक विद्यार्थिनी असायची, आणि ती मठ्ठ होती.

एका रविवारी तिने फिटरला सांगितलं, आज मी करते. तू बाहेरचं बघ.

कोपर टेकवलं. रेघ काढायला निघाली. शिसं मोडलं. पडद्याकडे न बघता तिने खुणेमागून खूण घेतली, थोरला झाला, धाकटा झाला, आणि मग येऊन खुर्चीवर बसली.

ठिपके एका ओळीत होते. तिने मास्तरांचे जुने, चांगल्या दिवसांतले ठिपके शेजारी उघडले. मग दोन्ही एकावर एक ठेवले. कुठले त्यांचे आणि कुठले तिचे, हे सांगता येत नव्हतं. तिलाही नाही.

हे तिला हवं होतं, असं तिला वाटलं होतं. पण त्या ओळीकडे बघता बघता तिच्या ध्यानात आलं की आता ओळ पुढे जाईल. त्यांच्यावाचून. प्रयोगाला काही कमी पडणार नाही.

फिटर आत आला. मागून पडद्यावर नजर टाकून म्हणाला, "अरे वा! मास्तर येऊन गेले वाटतं?"

ती वळली नाही. तिने पडदा बंद केला.

घरी मास्तर खिडकीशीच होते. ती दिसल्याबरोबर त्यांनी विचारलं. "हं? कसे पडले?"

तिने पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. आयुष्यात तिने नोंद कधी बदलून सांगितली नव्हती. एका आकड्यानेही नाही.

"पांगले सगळे," ती म्हणाली. "नाही जमत मला."

मास्तरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो जुना, शाळेतला त्रासिकपणा आला.

"कोपर उचललं असशील."

"उचललं असेन."

"मला माहीतच होतं. शंभरदा सांगितलं. आण ती फरशी."

तिने टेबल पुसलं, फरशीचा तुकडा मधोमध ठेवला, आणि त्यांच्यासमोर बसून पेन्सिल हातात घेतली. मुद्दाम जरा चुकीची धरून.